प्रतिसाद: गोळ्यांच्या पलीकडचं

वरच्या लेखात स्किझोफ्रेनियाबद्दल (भास-भ्रम होणारा मानसिक आजार) 'गोळ्या नियमित घेतल्या की आयुष्य रुळावर येतं' असं म्हटलंय. मला अर्धंच पटलं. भास कमी होतात, पण 'मी वेडा, मला कोण विचारणार' हे गोळीने जात नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक कॉरिगन स्वतःला असं कमी लेखण्याचे टप्पे सांगतात: समाजाचे गैरसमज कळणं, ते खरे वाटणं, मग स्वतःला लावून घेणं. त्यापुढे 'प्रयत्न तरी कशाला?' घरचे याला सरळ आळस म्हणतात! (कधी निरुत्साह आजाराचाच असतो, तो भाग वेगळा.) आमच्या नात्यातला एकजण पाहुणे आले की न सांगता आतल्या खोलीत जातो. लक्षणं आटोक्यात, समाधान शून्य. पुण्यात डॉ. जगन्नाथ वाणींनी १९९७मध्ये स्थापलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन या संस्थेचा स्वमदत गट आहे. तिथे समोरचाही त्यातूनच गेलेला असतो, म्हणून बोलणं सोपं जातं.