मदत हवी आहे: रेडिओ चिप व रडारसाठी एम.टेक.ची कोणती शाखा घ्यावी?

मांडवीकर: मला उच्च वारंवारतेच्या रेडिओ चिप आणि रडार यांच्या डिझाइनमध्ये काम करायचे आहे. दोन शाखांत प्रवेश मिळत आहे व शुक्रवारपर्यंत शुल्क भरायचे आहे, म्हणून कोणती घ्यावी ते कृपया नेमके सांगावे. बडोद्यात ज्यांना विचारले ते सगळे सॉफ्टवेअरकडे वळायला सांगतात.

फतेगंज: आपण शाखांची नावेच लिहिलेली नाहीत. पदवी कशात आहे, सध्या काय करता?

निवृत्त अभियंता: इस्रोचे अहमदाबादचे अंतराळ उपयोग केंद्र आपल्या इतके जवळ आहे, आणि रिसॅट-१ उपग्रहाचे रडार व निसार उपग्रहातील एस-बँड रडार तेथेच विकसित झाले. चिपच्या मागे न लागता तिकडे अर्ज करावा.

सिलिकॉनप्रेमी: क्षमस्व, पण हे पटत नाही. मोटारींतील रडार 76 ते 81 गिगाहर्ट्झ पट्ट्यात चालते आणि त्याचे प्रेषक, ग्राही (रिसीव्हर) व हवी ती वारंवारता तयार करणारा सिंथेसायझर आता एकाच चिपवर बसतात, त्यामुळे चिप न समजता रडार शिकणे अपुरेच राहील.

वायुलहरी: एक स्वस्त एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ ग्राही) घ्या. विमानांचे संदेश घरबसल्या टिपता येतात.

मांडवीकर: डोंगलबद्दल मी विचारले नव्हते. पदवी सयाजीराव विद्यापीठाची, इलेक्ट्रॉनिक्समधली. मकरपुऱ्यात कंट्रोल पॅनेल तपासण्याची नोकरी करतो. शाखा मायक्रोवेव्ह (उच्च वारंवारतेच्या रेडिओ लहरी) आणि व्हीएलएसआय (चिप डिझाइन).

फतेगंज: हे आधी कळायला हवे होते. व्हीएलएसआयच्या अभ्यासक्रमात बहुतेक विषय डिजिटल आणि व्हेरिफिकेशनचे (डिझाइन तपासण्याचे) असतील, तर मायक्रोवेव्ह घ्यावे व अ‍ॅनालॉग सर्किट स्वतः पक्के करावे. 77 गिगाहर्ट्झला तरंगलांबी हवेत जेमतेम चार मिलिमीटर असते आणि चिपवर त्याहूनही कमी, त्यामुळे तिथे धातूची साधी पट्टीही लहरी वाहून नेणाऱ्या प्रेषणवाहिनीसारखी (ट्रान्समिशन लाइन) वागते आणि विद्युतचुंबकीचा पाया नसेल तर लेआउट (चिपवरील मांडणी) हाताबाहेर जातो.

सिलिकॉनप्रेमी: अ‍ॅनालॉग व आरएफ (रेडिओ वारंवारतेची सर्किट) शिकवणारे प्राध्यापक असतील, तर मात्र मी व्हीएलएसआयच घेईन. आयएचपी या जर्मन संस्थेने 130 नॅनोमीटर सिलिकॉन-जर्मेनियम प्रक्रियेचा पीडीके (त्या प्रक्रियेत चिप डिझाइन करण्यासाठी लागणारा नियम व मॉडेलांचा संच) खुला केला आहे. त्यावर एक लो-नॉइज अ‍ॅम्प्लिफायर (क्षीण संकेत फारसा गोंगाट न मिसळता वाढवणारे सर्किट) करून पाहा.

फतेगंज: त्यासाठीही मोजमाप लागते. दोन्ही विभागांत फोन करून तेथील नेटवर्क अ‍ॅनालायझर (उच्च वारंवारतेची सर्किट मोजणारे उपकरण) किती गिगाहर्ट्झपर्यंत मोजतो आणि विद्यार्थ्यांना चिपवर सुया टेकवून मोजण्याच्या प्रोब स्टेशनवर बसू देतात का, हे शुक्रवारच्या आत विचारावे.

मांडवीकर: उद्या सकाळीच दोन्हीकडे फोन करतो आणि उत्तरे इथे लिहितो.