घरच्यांसोबत संग्रहालयं आणि कलादालनं: चित्रासाठी काहीतरी हाती लागावं म्हणून सल्ला हवाय

ओला_कागद:

मंडळी, पुढच्या महिन्यात चार दिवसांची सहल ठरली आहे. दोन मोठी संग्रहालयं आणि तीन-चार कलादालनं मनात आहेत. सोबत नवरा, अकरा वर्षांची मुलगी, सहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात, फार वेळ उभं राहवत नाही.

मी जलरंगात काम करते. गेलं वर्षभर हात अडलाय. कागद ताणून ठेवते, पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, देते आणि पुढे काही सुचत नाही. जे होतं ते आधीच्याच चित्राची आवृत्ती वाटते. मागच्या सहलीत सगळं पाहून घ्यायच्या नादात तीनशे फोटो काढले, त्यातल्या एकाचंही चित्र झालं नाही. मुलं दुपारपर्यंत रडकुंडीला आली ते वेगळंच.

या वेळी माझ्या कामासाठी खरंच काही घेऊन यायचंय, पण घरच्यांना ताटकळत ठेवून नाही. तुम्ही कसं जमवता? सोबत काय ठेवता?

रेघोटी:

पहिलं म्हणजे यादी निम्मी करा. मग ती निम्मी यादीही पुन्हा निम्मी करा. संग्रहालयात येणारा थकवा हा काही आपला दुबळेपणा नाही. बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्येच त्यावर लेख लिहिला होता. काचपेटीत वाकून बघा, मान वर करा, पुन्हा वाका, यानं शरीर दमतं आणि मग डोळे नुसते वस्तूंवरून घसरत जातात. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात लोक एकेका नामांकित चित्रापुढे किती थांबतात ते मोजलं होतं, २००१ साली ते प्रसिद्ध झालं. सरासरी सुमारे २७ सेकंद! एवढ्या वेळात चित्रकाराच्या हाती काय लागणार?

मी एका दिवसात एकच दालन माझं म्हणून धरते. आधी सगळ्यांबरोबर त्यातून एक फेरी मारायची, वही पिशवीतच. ज्या वस्तूकडे मान आपोआप वळली तिच्याकडे एकटीनं परत जायचं आणि तिच्यापुढे चाळीस मिनिटं बसायचं. पहिली दहा मिनिटं काही घडत नाही, तरी उठायचं नाही. त्यानंतर दिसायला लागतं: कडा कुठे विरली आहे, कोणता रंग शेजारच्या रंगामुळे तसा भासतोय.

तीनशे फोटोंचं मला पटतं. मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी २०१४ मध्ये संग्रहालयातच प्रयोग केला होता. ज्या वस्तूंचा पूर्ण फोटो काढला त्यांचे तपशील लोकांना कमी आठवले. मात्र एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला तर आठवण टिकली. म्हणून फोटो काढायचाच तर तुकड्याचा काढा, आणि तोही रेखाटन झाल्यावर.

दोन_पिल्लांचा_बाबा:

मुलांपुरतं सांगतो. सकाळी दार उघडताच आत शिरा आणि दीड तासात बाहेर पडा. प्रत्येकाला स्वतःची वही आणि पेन्सिल द्या, आईची उसनी नको. ‘काय आवडलं?’ असं विचारलं की मुलं गप्प होतात. त्याऐवजी ‘या दालनात सगळ्यात दमलेला माणूस शोध’ म्हणा. माझ्या मुलीनं एका मोठ्या युद्धचित्राच्या कोपऱ्यात झोपलेला कुत्रा शोधला. मी ते चित्र चार वेळा पाहिलं होतं, कुत्रा एकदाही दिसला नव्हता.

आणि चाळीस मिनिटांच्या पाळ्या लावा. एक पाळी तुमची, एक तुमच्या मिस्टरांची. तुमच्या पाळीत तुम्हाला कुणी हाक मारायची नाही, हे आधीच ठरवून टाका.

जुना_कुंचला:

ओला_कागद, तुम्ही सहलीचा हिशेब चार दिवसांत मांडताय, म्हणून भीती वाटते. १८९५ मध्ये पिकासो तेरा वर्षांचा होता. घरच्यांबरोबर प्रवासात असताना माद्रिदला थांबले तेव्हा वडील त्याला प्रादो संग्रहालयात घेऊन गेले. तिथे जुन्या स्पॅनिश चित्रकार वेलास्केझचं ‘लास मेनिनास’ हे चित्र आहे. त्या चित्राला त्यानं उत्तर दिलं १९५७ मध्ये, ५८ चित्रांची मालिका करून. मधे बासष्ट वर्षं गेली. घरी परतल्यावर लगेच चित्र झालं नाही म्हणजे सहल वाया गेली, असं कृपा करून समजू नका.

एका चित्रापुढे बसून राहण्याला माझा पूर्ण पाठिंबा. व्हॅन गॉग १८८५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियममध्ये रेम्ब्रांटच्या ‘ज्यू वधू’पुढे बसला तो हलेचना. सोबतचा मित्र बाकीची दालनं फिरून आला तरी हा तिथेच.

काम करताना मी मूळ चित्राची हुबेहूब नक्कल करत नाही. काडेपेटीएवढ्या चौकटीत फक्त तीन छटा मांडतो: गडद, मधली, उजळ. त्या चौकटीभोवती शब्दांत रंग लिहितो. ‘सावली हिरवट, पण गालाजवळ कोमट’ असं. फ्रेंच चित्रकार देलाक्रुआनं १८३२ च्या मोरोक्को प्रवासातल्या वह्यांत रेखाटनांशेजारी अशाच नोंदी भरल्या आहेत, आणि त्याच प्रवासातून आलेलं ‘अल्जियर्सच्या स्त्रिया’ हे चित्र १८३४ चं. शब्द रंगाला फार काळ ओला ठेवतात, असा माझा अनुभव आहे.

ओला_कागद:

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! एक शंका. आत छोटी रंगपेटी आणि पाण्याचा ब्रश चालतो का?

रेघोटी:

बहुतेक ठिकाणी आत फक्त पेन्सिल चालते. शाई, रंग, कोळसा, पेस्टल नाही. संकेतस्थळावर नियम असतातच, तरी दारावर विचारून घ्या. २बी पेन्सिल, मळता येणारा खोडरबर आणि तळहातात मावेल अशी वही पुरे. मोठी वही उघडली की मागे गर्दी जमते आणि हात आखडतो. घडीच्या स्टुलाचंही विचारा, काही संग्रहालयं स्वतःच देतात. सासूबाईंसाठी चाकाची खुर्चीही बऱ्याच ठिकाणी मिळते.

तुम्ही जलरंगवाल्या, म्हणून एक मुद्दाम सांगते. कागदावरची कामं प्रकाशानं फिकी पडतात, म्हणून ती साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) मंद उजेडात आणि काही महिन्यांपुरतीच लावतात. तेव्हा हवी ती चित्रं सध्या भिंतीवर आहेत ना, हे निघण्याआधीच पाहा. नसतील तर मोठ्या संग्रहालयांत चित्रं आणि मुद्राचित्रांची अभ्यासिका असते, ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे तशी. आधी वेळ ठरवली तर मूळ चित्र समोर टेबलावर आणून ठेवतात. काच मधे नसताना दुसऱ्याचा वॉश पाहणं, कागदाचा दाणा कुठे कोरडा राहिलाय ते दिसणं, हे एकदा अनुभवाच.

चाक_आणि_माती:

मी वेगळं सांगेन. चित्रं सोडा. चित्रकार चित्रांपुढे गेला की तुलना सुरू होते आणि अडलेला हात आणखी अडतो. कापडं, भांडी, अवजारं, कुलपं यांच्या दालनात जा. शिल्पकार हेन्री मूर लंडनला शिकत असताना ब्रिटिश म्यूझियममध्ये सारखे जात, आणि तिथल्या मेक्सिकोच्या जुन्या दगडी शिल्पांनी त्यांना धरून ठेवलं. त्यांच्या १९२९ च्या पहुडलेल्या आकृतीत मेक्सिकोच्या अशा शिल्पांचं वजन आहे. दुसऱ्या माध्यमातली वस्तू आपल्याला उत्तर देत नाही, प्रश्न देते.

जुना_कुंचला:

चित्रं सोडा, हे मला मान्य नाही. पण अडलेल्या हातासाठी दुसऱ्या माध्यमाकडे जाणं, याला जोरदार सहमती.

ओला_कागद:

सहा आठवड्यांनी परत येतेय. यादी खरोखर चारात एक केली. अभ्यासिकेची वेळ मिळाली नाही, ती राहिली. मुलीनं दमलेल्या माणसांची सात रेखाटनं केली, मुलानं प्रत्येक दालनातले दरवाजे काढले.

तिसऱ्या दिवशी माझी पाळी होती आणि मी ठरवलेल्या निसर्गचित्रांकडे निघाले होते. सासूबाई कापडांच्या दालनात बाकावर बसल्या होत्या. मला थांबवून म्हणाल्या, “अगं, हे बघ, इथे रफू केलंय.” समोर जुना अंगरखा होता आणि माहितीच्या पाटीवर रफूचा उल्लेखही नव्हता. त्या बाकावरूनच बोटानं दाखवत गेल्या. इथे दोरा नवा, इथे कापड ओढलं गेलंय, ही बाई डावखुरी असावी. आयुष्यभर शिवणकाम केलेला माणूस काय बघू शकतो, ते मी इतकी वर्षं एका घरात राहून विचारलंच नव्हतं. माझी चाळीस मिनिटं तिथेच गेली. वहीत अंगरखा कमी, त्यांचं बोट आणि ते ठिगळ जास्त आहे.

घरी आल्यावर पहिल्या वॉशमध्ये मुद्दाम एक जागा कोरडी सोडली आणि दुसऱ्या दिवशी तीच बारीक आडव्या-उभ्या रेघांनी भरली, रंग थोडा चुकता ठेवून. आतापर्यंत अकरा कागद झालेत. सासूबाईंनी त्यांची जुनी कपड्यांची पेटी काढून दिली आहे.

आता नवा प्रश्न: खडबडीत कागदावर इतक्या बारीक रेघा तुटतात. हॉट प्रेस, म्हणजे गुळगुळीत कागद, घ्यावा, तर वॉश हवा तसा पसरत नाही. कुणी दोन्ही साधलंय का?