लीगल एडचा वकील मन लावून केस लढते का? (नागपूर)

सदरवाली:
आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींचा पोरगा मोबाईल चोरीत तीन आठवड्यांपासून सेंट्रल जेलमध्ये आहे, वय 19, पहिलीच केस. एका वकिलाने नुसत्या बेलचे 25 हजार सांगितले, मावशी मंगळसूत्र मोडायला निघाल्या होत्या. कोणीतरी म्हटलं सरकारी वकील फुकट भेटते, तर त्या सरकारी वकिलासमोरच हात जोडून उभ्या राहिल्या अन् तो म्हणे बाई, मी तुमच्या पोराच्या विरोधात आहो. फुकटचा वकील कामाचा असते का?

काळाकोट:
ताई, तुम्हाला विधी सेवा प्राधिकरणाचा, म्हणजे लीगल एडचा फुकट वकील पाहिजे. सिव्हिल लाइन्सला जिल्हा कोर्टात जा नाहीतर 15100 ला फोन लावा. पोरगा कस्टडीत आहे म्हणजे उत्पन्नाचा दाखला लागत नाही, 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम 12 तसंच सांगते. 2022 पासून नालसाने (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने) डिफेन्स काउन्सेल, म्हणजे आरोपीची बाजू मांडणारे वकील आणले, ते फुलटाइम हेच काम करतात, खासगी केस घेत नाहीत. मी स्वतः प्राधिकरणाच्या वकिलांच्या पॅनलवर काम केलं आहे, जीव तोडून केलं, पण अर्ध्या केसेसमध्ये हातात कागदच नसायचे. पोरगा जेलमधून काय सांगणार, त्याला एफआयआर नंबरही माहीत नसते. म्हणून एफआयआरची कॉपी, आधार, शाळेचा दाखला, कामावर ठेवणाऱ्याचं पत्र, सगळं एका पिशवीत घालून मावशींसोबत तुम्ही स्वतः जा. अन् साध्या चोरीत 60 दिवसांत चार्जशीट आली नाही तर बेल हक्काची असते, पण अर्ज टाकावा लागते, ती तारीख घरच्यांनीच लिहून ठेवा.

रामटेकचा:
जामीनदाराचं आत्ताच पाहून ठेवा बापा. माझ्या भावाला बेल भेटली पण घरटॅक्सची पावती असलेला जामीनदार भेटेना, ऑर्डर खिशात घेऊन आई महिनाभर फिरली, घडी घालून घालून कागद मधोमध फाटला. सुप्रीम कोर्टाने 31 जानेवारी 2023 ला सांगितलं आहे, बेल होऊनही 7 दिवसांत सुटका झाली नाही तर जेल सुपरिटेंडंटने प्राधिकरणाच्या सचिवाला कळवायचं, अन् महिनाभरात जामिनाचा बाँड भरता आला नाही तर कोर्ट अट सैल करायचा विचार करू शकते. आम्हाला हे तेव्हा कोणीच सांगितलं नाही.

काळाकोट:
बरोबर आहे भाऊ. अन् ताई, या वकिलाची फी प्राधिकरण देते, मावशींकडून कोणी शंभर रुपये जरी मागितले तरी सरळ सचिवांकडे लेखी तक्रार द्या.

सदरवाली:
उद्या सुट्टी टाकली आहे, साडेदहाला मावशींना घेऊन जाते. शाळेचा दाखला भेटला, एफआयआरची कॉपी पोलीस स्टेशनातून आणायची बाकी आहे.