मदत हवी आहे: पणजीचं हॉस्पिटलचं रेकॉर्ड शोधायचंय

नमस्कार मंडळी, घराची वंशावळ लिहायला घेतलीये आणि पणजीपाशी येऊन गाडी अडलीये. घरात सगळे म्हणतात ती 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत गेली, पण मृत्यूनोंदीचा उतारा काढला तर साल 1921 आणि कारण नुसतं "ताप", म्हणजे एकतर घरची गोष्ट चुकीची नाहीतर ही त्याच नावाची दुसरीच कुणीतरी बाई. वयही "सुमारे 30", आणि नवऱ्याच्या नावावर नेमका शाईचा डाग, आता काय बोलायचं!

ती शेवटचे बरेच महिने हॉस्पिटलात होती एवढं नक्की, त्यामुळे मला क्षयाचा संशय येतोय, कारण तेव्हा त्यावर औषधच नव्हतं, स्ट्रेप्टोमायसिन सापडलं 1943 ला, तोवर पेशंटला नुसतं पडून राहायला लावायचे. हॉस्पिटलात विचारलं तर केसपेपर केव्हाच रद्दीत गेले म्हणाले, पण भरती-डिस्चार्जची जाड रजिस्टरं अभिलेखागारात दिलीयेत, फक्त ती नावावार नाहीत, तारखेवार आहेत.

कुणी अशी रजिस्टरं चाळलीयेत का? मृत्यूच्या तारखेपासून मागे मागे जाऊ की वॉर्डचं वेगळं रजिस्टर मागू? माहेरच्या नावानेही बघावं का? आणि पेशंटची माहिती गोपनीय म्हणून अडवलं तर नातं दाखवायला तुम्ही कुठले कागद जोडले होते? फोटो काढू देत नाहीत, पेन्सिलनेच उतरवून घ्यावं लागणारे, त्यामुळे नीट ठरवून जायचंय.