'गेम ऑफ चान्स' म्हणजे जुगारच का?

(एका मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

शब्दखुणा
'गेम ऑफ चान्स' मराठीत आणताना दोन चुका सर्रास होतात. पहिली 'संधीचा खेळ'. आपण रोजच्या बोलण्यात चान्स म्हणजे संधी असंच म्हणतो (पुढच्या मॅचला चान्स मिळाला), त्यामुळे यंत्रही तसं भाषांतर करतं आणि माणसंही. इथला चान्स म्हणजे फासा कसा पडेल ते. हा शब्द मुळात 'पडणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदातून आला. मराठीतही दान 'पडतं'च, म्हणजे अर्थ आपल्याला परका नाही.

दुसरी चूक 'जुगार', आणि ती जास्त नुकसान करते. जुगाराला तीन गोष्टी लागतात: पणाला लावलेले पैसे, आपल्या हाताबाहेरचा निकाल आणि जिंकणाऱ्याला मिळणारा मोबदला. 'गेम ऑफ चान्स' हे त्यातल्या फक्त मधल्या गोष्टीचं नाव. सापशिडीत खेळणाऱ्याला एकही निर्णय घ्यायचा नसतो, सगळं फाशावर. तिला जुगार कोण म्हणेल? 'नशिबाचा खेळ' म्हणा, पैसे लागले असतील तरच जुगार म्हणा.

वकिली नजर
पूर्ण असहमत. ही संज्ञा घराघरातल्या सापशिडीसाठी कोणी वापरत नाही, ती वापरली जाते कोर्टात. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा, १८८७. त्याचं कलम १३ सांगतं की निव्वळ कौशल्याच्या खेळाला हा कायदा लागू नाही. म्हणजे पैसे लावून खेळणाऱ्याचा खेळ कौशल्याचा ठरला तर तो सुटतो, 'चान्स'चा ठरला तर कलम ४, ५ किंवा १२ (अ) त्याची वाट बघत असतं. या संदर्भात 'गेम ऑफ चान्स' म्हणजे जुगारच.

आणि 'नशिबाचा खेळ' हा शब्द कोणाच्या सोयीचा आहे बघा. जत्रेत सोरट मांडून बसलेलाही 'या, नशीब आजमावा' असंच ओरडतो. गुन्ह्याला गोड नाव देऊ नका.

शब्दखुणा
मग सोडतीचं काय करता? महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून सरकारच चालवतंय. तिकिटाला पैसे, निकाल पूर्ण नशिबावर, वर बक्षीस. तिन्ही गोष्टी हजर, तरी तुमच्याच कायद्याने जुगाराच्या व्याख्येतून सोडत वगळलीय. म्हणजे कायद्याच्या पुस्तकातसुद्धा हे दोन शब्द एकावर एक बसत नाहीत.

किलवरराणी
दोघेही 'चान्स' आणि 'कौशल्य' हे दोन वेगळे डबे धरून बोलताय. पत्त्यांत तसं नसतं.

रमी घ्या. १३ पानं पिसून येतात, तिथे कोणाचं काही चालत नाही. पण त्यापुढे? दोन कॅटचा डाव आहे. ओळीने तीन पानं जुळवायचीत आणि हातात बदाम छक्की-सत्ती असेल तर पंजी किंवा अठ्ठी चालते, म्हणजे उपयोगाची पानं चार. छक्की-अठ्ठी असेल तर फक्त सत्ती, म्हणजे दोनच. नवखा दोन्ही जोड्या सारख्याच जिवापाड धरून ठेवतो आणि तिथेच मार खातो. समोरच्याने टाकलेली सत्ती लक्षात नसेल तर दोनाचं एक झालेलंही कळत नाही. पॉइंट रमीत पहिलं पान उचलायच्या आधी डाव सोडला तर २० दंडगुण, मध्येच सोडला तर ४०, अंगावर आला तर ८० पर्यंत. हात बघून पहिल्याच फेरीत २० वर सुटणं हा निम्मा खेळ आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबच्या प्रकरणात रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं ते याच कारणाने: पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात.

त्याच निकालात तीन पत्तीला निव्वळ 'चान्स' म्हटलंय. ते मला पटत नाही. पानांपुरतं बरोबर आहे: तीन पानांचे २२,१०० हात होतात, त्यातले ट्रेल (तिन्ही पानं सारखी) फक्त ५२, म्हणजे ४२५ हातांत एक. साध्या उंच पानाचे हात १६,४४०. पण कधी पॅक करायचं (डाव सोडायचा) आणि समोरच्याची चाल कशी वाचायची हे फासा ठरवत नाही.

वकिली नजर
निकाल अर्धाच सांगितलात. पुढे कोर्टाने हेही म्हटलंय की पैसे लावून चाललेल्या रमीतून क्लबचा मालक नफा काढत असेल तर गुन्हा लागू शकतो. खेळ तोच, पानं तीच. फरक पैशाच्या वाटेचा.

गणितवेडा
पैशाच्या वाटेचाच हिशोब मांडतो. मटका घ्या. तीन पानांची बेरीज करायची, शेवटचा आकडा धरायचा: ३, ५, ६ आली तर १४, म्हणजे चौका. तीन पानांच्या अशा जुळण्या एकूण २२० आणि दर आकड्याला बरोबर २२. सगळे आकडे समान. आता भाव बघा, एका रुपयाला ९. दहाही आकड्यांवर दहा-दहा रुपये लावले तर १०० गेले, ९० आले. जोडी (असे दोन आकडे मिळून) १०० पैकी एक, तिचा जुना भाव ९०, म्हणजे तिथेही दहा टक्के गायब. पानं अगदी प्रामाणिकपणे काढली तरी हे होणारच. आकड्यांचे जुने तक्ते लावून 'उद्या काय फुटेल' ते शोधणारे इथेच फसतात, कालचं पान आजच्या पानाला ओळखत नाही.

म्हणून 'नशीब' शब्दालाच माझा विरोध आहे. नशीब माणसाचं असतं, ते आज रुसतं, उद्या फळफळतं. सलग आठ वेळा हरलेला 'आता माझं नशीब उघडणार' म्हणून नवव्यांदा दुप्पट लावतो, त्याला ही भाषाच बळ देते. दहावीच्या गणितात 'यादृच्छिक प्रयोग' शिकवतातच, तर 'यादृच्छिक खेळ' म्हणा.

शब्दखुणा
मुद्दा पटला, शब्द नाही. 'यादृच्छिक' बातमीत घातला तर वाचणारा तिथेच थांबेल. दान पडतं हे मात्र सगळ्यांना कळतं, आणि त्यात माझं-तुझं नशीब येत नाही. 'दानाचा खेळ' कसा वाटतो?

किलवरराणी
देणगीचा वाटेल. 'फाशाचा खेळ' बरा, पण मग पत्ते बाहेर राहतात.

वकिली नजर
शब्द कोणताही घ्या, पण २०२५ चा केंद्राचा ऑनलाइन गेमिंग कायदा वाचून घ्या. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो, चान्सचा असो की दोन्हींचा, सगळ्यांवर बंदी. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. शब्दखुणा, तुमच्या तीन गोष्टींतली मधलीच त्यांनी काढून टाकली. एवढ्यापुरतं मान्य करतो: जुगार पैशाने ठरतो, चान्सने नाही. क्लबातल्या टेबलावर मात्र १८८७ चाच कायदा आहे, आणि तिथे बातमीदाराने 'नशिबाचा खेळ' लिहिलेलं मला चालणार नाही.

शब्दखुणा
तिथे पैसे जप्त झालेले असतात. तिथे जुगारच लिहा.