मदत हवी आहे: गाडीवरच्या कार्पेट क्लिनिंग मशीनमध्ये क्षारांचा थर

पाणी जड आहे, कठीणपणा ३५० पीपीएमच्या आसपास. वँडची (कार्पेटवर पाणी मारायच्या हातातल्या नळीची) धार बारीक झालीय, पाणीही पूर्वीसारखं तापत नाही. जेट आणि गाळणी व्हिनेगरमध्ये भिजवून साफ केली, पण दोन दिवसांत पुन्हा पांढरे कण अडकतात. म्हणजे मूळ थर हीट एक्सचेंजरमध्येच (पाणी तापवणाऱ्या भागात) असणार. पंपाचा दाब ठीक आहे, होज बदलून पाहिला. डिटर्जंट अल्कलाइन वापरतो. पाण्याचा कठीणपणा कमी करणारा सॉफ्टनर नाही, गाडीत छोटाच बसेल.

आता सायट्रिक अ‍ॅसिड आत फिरवायचा विचार आहे. एक्सचेंजर तांब्याचा, जोड पितळेचे, आणि पंपाच्या सीलची खरंच काळजी वाटते. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा: द्रावण किती टक्के, किती वेळ फिरवायचं, आणि मशीनचा पंप वगळून वेगळ्या पंपाने फिरवणं गरजेचं आहे का?