मिनिएचर रंगवायला ब्रश कुठला घ्यावा? ट्रिपल झिरोवर रंग वाळतोय

मावळा_32
नमस्कार मंडळी, यंदा किल्ल्यावर मातीच्या चित्रांऐवजी रेझिनमध्ये प्रिंट केलेले मावळे ठेवायचेत, उंची साधारण 32 मिमी. प्रायमर मारून झालाय, अंगरखा पगडी वगैरे मोठे भाग नीट रंगले पण डोळे, मिशा आणि ढालीवरची फुलं करायला घेतली की सगळं बिनसतं. ऑनलाइन एक डिटेलिंग सेट मिळतो ना, 0 पासून पाच शून्यवाल्यापर्यंत, तो मागवलाय. त्यातला 000 रंगात बुडवून मावळ्यापर्यंत नेईपर्यंत टोकावरचा रंग वाळलेला असतो, आणि चारदोन बैठकांत टोक हुकासारखं एका बाजूला वळलंय. रंग व्हॅलेहो कंपनीचे ॲक्रिलिक आहेत. अजून बारीक ब्रश घेऊ का? कोलिंस्की म्हणतात ते प्राण्याच्या केसांचे महागडे ब्रश खरंच लागतात का? पुण्यात राहतो, बजेट बेताचं आहे.

विमानवाला_नाशिक
अजून बारीक अजिबात नको, उलट मोठा घ्या!! 000 मध्ये केसच इतके कमी असतात की त्यात रंग राहतच नाही, आणि ॲक्रिलिक हवेत पटकन वाळतं, पंख्याखाली बसला असाल तर विचारूच नका. रेष किती बारीक येणार ते ब्रशच्या नंबरवर नाही, टोकावर ठरतं. चांगल्या 1 नंबरला मधे फुगीर पोट असतं, रंग तिथे साठतो आणि टोकाकडे हळूहळू उतरत राहतो, आणि टोक मात्र सुईसारखं. त्यामुळे 32 मिमीच्या मावळ्याचे डोळे सुद्धा 1 नंबरने होतात, मी 1/72 मापाच्या मॉडेल विमानांतल्या पायलटचे चेहरे 1 नेच करतो. एक 1 आणि एक 2 असे दोन चांगले घ्या, त्यात जवळजवळ सगळं काम होतं. नंबर पण कंपनीगणिक बदलतात हां, एकाचा 1 दुसऱ्याच्या 0 एवढा निघू शकतो, म्हणून हातात घेऊन बघितलेलं बरं.

आणि टोक वळलं ते सिंथेटिक असल्यामुळे. नायलॉनचे केस वापरून वापरून हुक होतातच, कितीही जपा. गरम पाण्यात क्षणभर बुडवून बोटांनी सरळ केले की काही दिवस चालतात, मग परत वळतात. ते फेकू नका, बेसकोटला (खालच्या पहिल्या थराला), रंग मिसळायला, खाली जमीन-दगड रंगवायला ठेवा.

कुंचला
+1, आणि दुकानात ब्रश कसा बघायचा ते सांगते कारण हे कोणी सांगत नाही. नवीन ब्रशच्या टोकाला डिंकासारखं काहीतरी लावून टोक घट्ट केलेलं असतं, त्यामुळे दुकानात प्रत्येक ब्रश टोकदारच दिसतो. दुकानदाराकडे पाणी मागायचं (कलेचं सामान विकणारे देतात, अप्पा बळवंत चौकात तर आवर्जून मागा), डिंक पूर्ण विरघळेपर्यंत ब्रश पाण्यात फिरवायचा आणि मग मनगटाने एक झटका द्यायचा. चांगला ब्रश आपोआप एका टोकात येतो. टोक दुभंगलं किंवा एखादा केस बाहेर राहिला तर तो ठेवून दुसरा उचला, एकाच कंपनीच्या एकाच नंबरचे दोन ब्रश सारखे नसतात. मग अंगठ्याच्या नखावर ओलं टोक हलकं दाबून सोडा, लगेच सरळ झालं पाहिजे. खारीच्या केसांचे ब्रश पाणी खूप धरतात पण दाबले की तसेच पडून राहतात, वॉटरकलरच्या वॉशला छान, आपल्या कामाला नाही.

कॅमलिनचे सिंथेटिक गोल्ड, सीरीज 66 चे गोल ब्रश सुरुवातीला उत्तम. 1 किंवा 2 नंबरचे दोनतीन घ्या, टोक गेलं तरी जीव हळहळत नाही. हात बसला की मग कोलिंस्की.

मावळा_32
दोघांचेही खूप आभार, पंखा खरंच डोक्यावर आहे 🙏 काल चौकात जाऊन आलो. एका दुकानात मुंगसाच्या केसांचा म्हणून एक दाखवला, स्वस्त आहे आणि कोलिंस्कीसारखाच चालतो म्हणाले. घेऊ का?

रानवाट
नका घेऊ. मुंगूस 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, त्याच्या केसांचा ब्रश विकणं, विकत घेणं, जवळ बाळगणं हा गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी हे केस पाळलेल्या प्राण्याचे नसतात, रानातली मुंगसं फासे लावून पकडून मारतात. एका प्राण्याकडून कामाचे केस अगदी थोडे निघतात, म्हणजे एक किलो केसांमागे पन्नासेक जीव जातात. केसांवर फिकट-गडद असे नैसर्गिक पट्टे दिसले की संशय घ्या, आणि दुकानदाराला स्पष्ट सांगा की हे नको. गिऱ्हाइकांनी मागणं बंद केलं तरच हे थांबेल, मला याबद्दल फार तळमळीने वाटतं म्हणून लांबण लावली.

विमानवाला_नाशिक
रानवाट यांच्याशी शंभर टक्के सहमत. कोलिंस्कीचं विचारलं होतंत, ते केस सायबेरियन वीझल नावाच्या छोट्या प्राण्याच्या शेपटीचे असतात. विन्सर अँड न्यूटनची सीरीज 7 सगळ्यात प्रसिद्ध, 1866 मध्ये व्हिक्टोरिया राणीने मागणी केली म्हणून बनली असं सांगतात, तिचा आवडता नंबर 7 म्हणून नाव सीरीज 7. राफाएल 8404 आणि दा विंची माएस्ट्रो पण त्याच तोडीचे. सीरीज 7 मध्येच मिनिएचर म्हणून आखूड केसांचा वेगळा प्रकार येतो, नावाला भुलून तो घेऊ नका, केस आखूड म्हणजे रंग कमी, परत तुमची तीच अडचण. साधा स्टँडर्ड घ्या. प्राण्याचे केस नकोच असतील तर चांगल्या सिंथेटिकवर काहीही अडत नाही, फक्त टोक गेलं की बदलत राहावं लागतं.

महागाचा घेतलात तर रंग अर्ध्या केसांच्या वर चढू देऊ नका. केस जिथे धातूच्या नळीत शिरतात तिथे रंग वाळला की केस मुळातून फाकतात आणि मग तो ब्रश परत टोकात येत नाही. काम चालू असताना दर दोनचार मिनिटांनी पाण्यात खळबळा, पण ग्लासात उभा करून सोडू नका. शेवटी साबणाने धुवायचा, कोमट किंवा गार पाणी, गरम नको, आतला गोंद सुटतो. बोटांनी टोक करून आडवा वाळवा. ड्रायब्रशिंग (जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवर घासणं) चांगल्या ब्रशने कधीच करू नका, त्याला जुना चपटा ब्रश नाहीतर मेकअपचा गोल ब्रश घ्या, उलट जास्त मऊ काम येतं. टामिया कंपनीचे ॲक्रिलिक रंग वापरलेत तर सिंथेटिकच, त्यातल्या अल्कोहोलने नैसर्गिक केस कोरडे पडतात.

मावळा_32
मुंगसाचा घेतला नाही, दुकानदाराला कायद्याचं पण सांगितलं. सीरीज 66 चे 1 आणि 2 आणले, झटका देऊन बघूनच. पहिल्या मावळ्याच्या मिशा एका दमात झाल्या!! आता तलवारीची पाती आणि ढालीची फुलं राहिलीत, चंदेरी-सोनेरीला हेच ब्रश चालतील ना?

कुंचला
अरे वा, फोटो टाका! चंदेरी-सोनेरीला मात्र सेटमधला जुना 0 वेगळा काढून ठेवा आणि धुवायचं पाणी पण वेगळं घ्या, त्या रंगातली चमकी केसांत अडकते आणि मग पुढच्या मावळ्याच्या गालावर चमचमत बसते. डोळे धातूचं काम व्हायच्या आधी करून घ्या. डबीच्या झाकणात ओला स्पंज आणि वर बेकिंग पेपर ठेवून रंग त्यावर काढलात तर तासनतास ओला राहतो, पंखा बंद करून घामाघूम व्हायची गरज नाही.